साखळीची शेवटची कडी

"झालंय!"

मार्थाबाईंची काठी बाकावर खाडकन आपटली आणि सगळं चर्च हसलं. उभे राहिलेले पौलसमामा तोंड उघडं ठेवून बघतच राहिले.

"काय झालंय बाई? मी आत्ता तर उठलो."

"पाऊस झालाय. दुसऱ्या बाकावर झाला, तेव्हा तू झोपला होतास. बस खाली आणि दुसरं काहीतरी शोध."

पौलसमामा बसले, डोकं खाजवलं, पुन्हा उठले. "बरं. आमच्या विहिरीवरची मोटर यंदा एकदाही जळली नाही, त्याबद्दल देवाचे उपकार."

मार्थाबाईंनी जरा विचार केला. मोटर अजून कुणी घेतली नव्हती. "चालेल," त्या म्हणाल्या, आणि सगळे एका सुरात ओरडले, "उपकार, बापा, उपकार!"

हे असं चालतं आमच्याकडे. नगर जिल्ह्यातल्या आमच्या बेथेलवाडीला कापणीच्या सणाला वेदीसमोर ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, केळीचा घड, पाय बांधलेली एखादी कोंबडी असं सगळं मांडतात. गाणी होतात, पाळकसाहेबांचा उपदेश होतो आणि मग येते उपकारांची साखळी. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकेकानं उठायचं आणि वर्षभरातला देवाचा एक उपकार सांगायचा. नियम एकच, एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं सांगायचं नाही. सांगितलंत की मार्थाबाई आहेतच. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. निम्म्या मंडळीला त्यांनीच बाराखडी शिकवली आहे, त्यामुळे त्यांच्यापुढे पाळकसाहेबांचंही काही चालत नाही. आणि साखळी पुरी झाल्याशिवाय मागच्या शेडमधल्या मटणाच्या पातेल्यावरचं झाकण निघत नाही, हेही सांगून ठेवते.

पुढच्या बाकांवरच्यांची चैन असते. आरोग्य, लेकरंबाळं, पाऊस, पीक, नोकरी असे मोठमोठे उपकार तेच उचलतात. मागच्यांना उरते मोटर.

मी तेव्हा सातवीत होते. लहान पोरांना हा नियम नसतो. ती खुशाल "मम्मी-पप्पांसाठी उपकार" म्हणून बसतात, आणि मीही इतकी वर्षं तेच म्हणत आले होते. त्या वर्षी मला पहिल्यांदा नियम लागू झाला होता, आणि नेमके आम्ही बसलो होतो शेवटच्या बाकावर. मम्मी, मग मी, मग दाराला लागून पप्पा. म्हणजे अख्ख्या साखळीची शेवटची कडी आमचे पप्पा.

आता मला कुठल्याही स्टेजवर चढवा. सुवार्ता पाटोळेच्या हातात माइक देणं सोपं, काढून घेणं अवघड, असं आमच्या वर्गशिक्षिका सगळ्यांसमोर म्हणतात. पण तेव्हाची मी हजेरीला "यस मॅडम" म्हणतानासुद्धा घाबरायचे. चर्चमध्ये उभं राहून बोलायचं या विचारानंच माझे तळहात ओले झाले होते.

"मम्मी, मी काय म्हणू?" घरून निघतानाच मी विचारलं होतं.

"मनात असेल ते म्हण."

"मनात काहीच नाही."

"मग शोध."

"आणि पुढच्यांनी घेतलं तर?"

"मग अजून शोध. माझं डोकं नको खाऊस गं, मला आधी तुझ्या पप्पांना आत न्यायचंय."

खरी गोष्ट तीच होती. पप्पांना आत नेणं.

पप्पांची जागा खरं तर अगदी पुढे, ढोलकीपाशी. दाविद पाटोळे वाजवायला बसले की म्हाताऱ्या बायकाही टाळ्या धरायच्या. त्या मार्चमध्ये कारखान्यात त्यांचा उजवा हात प्रेस मशीनखाली आला. अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तिन्ही बोटं गेली.

पप्पा चिडले नाहीत की रडले नाहीत. ते गप्प झाले. त्या हातावर सतत एक पांढरा नॅपकिन गुंडाळलेला असायचा. कारखान्यानं त्यांना दुपारच्या पाळीला गेटवर बसवलं होतं. रविवारी ते आम्हाला चर्चपर्यंत सोडायचे आणि स्वतः बाहेर लिंबाखाली उभे राहायचे. जेवणाआधीची प्रार्थना पूर्वी ते करायचे. आता मम्मी करायची आणि पप्पा उघड्या डोळ्यांनी ताटाकडे बघत बसायचे. मला कसं माहीत? माझेही डोळे उघडेच असायचे. देवाशी माझं बोलणं बंद होतं. ज्या हातानं त्याची गाणी वाजवली, नेमका तोच हात कसा काय गेला, हे मला कुणी सांगत नव्हतं आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. पोटात दिवसभर पिठाची गिरणी चालू असल्यासारखं घरघरायचं. झोपेतसुद्धा ती थांबायची नाही.

सणाच्या दिवशी मम्मीनं सकाळपासून धोशा लावला. "अहो, आत येऊन नुसतं बसा. काही बोलू नका."

"आणि साखळी?"

"शेवटच्या बाकावर बसू. साखळी तिथपर्यंत येईस्तोवर सगळ्यांना भूक लागलेली असते. कोण बघतंय तुमच्याकडे?"

पप्पा आले. पहिलं गाणं सुरू झाल्यावर मागच्या दारानं, चपलांचा आवाज न करता. पण आले.

ढोलकी त्या दिवशी याकोबकाकांच्या मांडीवर होती. याकोबकाका म्हणजे पप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. कारखान्यात दोघं एकाच प्रेसवर, सकाळची पाळी पप्पांची, दुपारची काकांची. दर रविवारी काका आमच्याकडे जेवायला असायचे आणि मम्मीला न विचारता पातेल्यात डोकवायचे. अपघातानंतर मात्र त्यांनी आमच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. रस्त्यात दिसलो तर गाडी दुसरीकडे वळवायचे. ढोलकी मात्र त्यांनी आपणहून उचलली होती, दाविदची जागा रिकामी राहायला नको म्हणून. पण ताल आणि काका यांची कधी ओळखच झाली नव्हती. गाणं संपायचं आणि ढोलकी अजून थोडी पुढे जाऊन थांबायची. ते ऐकताना पप्पांचा चेहरा असा झाला होता, जशी काही अक्कलदाढेत कळ आलीय.

साखळी सुरू झाली की वाजवणारे आपापल्या घरच्यांजवळ जाऊन बसतात. काकांच्या घरचे आमच्याच पुढच्या बाकावर. ढोलकी काखेत मारून ते मागे आले आणि पप्पांना बघून जागीच थांबले.

"आलास?"

"आलो."

एवढंच. काका वळून बसले. त्यांची मान मागून लाल झालेली मला दिसत होती.

साखळी बाकामागून बाक मागे सरकत होती. कुणाच्या म्हशीला रेडी झाली होती, कुणाच्या सुनेचं ऑपरेशन नीट झालं होतं. मी मनाशी आमच्या दारातली लिंबोणी धरून ठेवली होती. मधल्या बाकावरच्या एका आजीनं लिंबोणी घेतली! त्यांच्याकडे लिंबोणी आहे हेच मला माहीत नव्हतं. मी घाईघाईनं शाळेची नवी बस धरली. ती माझ्याच वर्गातल्या सारानं घेतली. शेडमधून मटणाचा वास येत होता आणि लोक चुळबुळ करायला लागले होते.

मग याकोबकाकांची बायको, दीनाकाकू, उठल्या. "आमच्या शेळीला जुळी झाली, त्याबद्दल उपकार."

"अगं ए!" काका बसल्या बसल्या ओरडले. "शेळी माझी होती!"

"तुमची कशी? धार मी काढते."

"मी शेळी म्हणणार होतो ना! सकाळपासून ठरवलं होतं!"

"मग पुढे बसायचं होतं."

चर्च हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. काका उठले. "बरं, मग घरावर नवे पत्रे टाकले, त्याबद्दल..."

"झालंय!" काठी. "पत्रे चौथ्या बाकावर झाले."

"मग पोरीचं लग्न?"

"झालंय. तिच्या सासूनं सांगितलं."

"काका, मटण गार होतंय!" मधूनच एकजण ओरडला.

काकांना घाम फुटला. त्यांनी वर बघितलं, ढोलकीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माझी दहाही बोटं जागच्या जागी आहेत, त्याबद्दल..."

पुढचं कुणी म्हटलंच नाही. वेदीसमोरची कोंबडी तेवढी फडफडली.

"अहो, काय बोलताय!" दीनाकाकू कुजबुजल्या.

काका मागे वळले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दाविद, मी... तसं नाही रे... ते तोंडातून..." ते मटकन बसले. ढोलकी बाकावरून खाली पडली आणि धप्पकन वाजली.

"असू दे, याकोब," पप्पा म्हणाले. मग नॅपकिन हातावर घट्ट गुंडाळत ते उठले. "मी बाहेर आहे," ते मम्मीला म्हणाले आणि दाराकडे निघाले.

मला एकदम लख्ख कळलं, आज बाहेर गेले तर हे पुन्हा कधीच आत येणार नाहीत. पुढच्या रविवारी नाही, नाताळला नाही, माझ्या लग्नालासुद्धा हा माणूस लिंबाखाली उभा राहील.

पाळकसाहेब हलकेच म्हणाले, "रूथताई, तुम्ही."

मम्मी उठली. दाराकडे बघत म्हणाली, "आज हे आत आले, त्याबद्दल..." आणि तिचा आवाज फुटला. पप्पा एक पाय पायरीवर ठेवून थांबले. वळले मात्र नाहीत. लोकांनी "उपकार, बापा" म्हटलं, पण चाचरत, हळू आवाजात.

आता मी.

मी उठले. लिंबोणी नाही, बस नाही, काहीच नाही. घाबरले की मी वेणीचं टोक ओढते, तसं ते माझ्या हातात आलं होतं. मी खाली त्याच्याकडे बघितलं.

"माझी वेणी," मी म्हणाले.

"काय? मोठ्यानं बोल," मार्थाबाई म्हणाल्या.

"माझी वेणी!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की माझी मीच दचकले.

पोरं हसली. सारा म्हणाली, "वाकडी तर आहे."

"वाकडीच आहे," मी म्हणाले, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, नळ उघडा राहावा तसं पुढचं सगळं येतच गेलं. "आधी मम्मी घालायची वेणी. दवाखान्यात ड्युटीला पळायचं म्हणून घाईघाईत घालायची, खूप ओढायची. पप्पा तर मला सकाळी दिसायचेच नाहीत, मी उठायच्या आत कारखान्यात. आता पप्पा घालतात. अंगठा आणि करंगळीत एक पेड धरतात. तो सुटतो. पुन्हा धरतात. शाळेत प्रार्थना होईपर्यंत वेणी डावीकडे जाते आणि मधल्या सुट्टीत सुटते. पोरी कासरा म्हणतात. म्हणू देत. आणि वेणी घालताना पप्पा तोंडानं ढोलकी वाजवतात. अगदी हळू. त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही. धा गे ना ती, ना क धिं ना. रोज. एकदाही चुकत नाहीत. याकोबकाकांसारखं नाही."

कुणीतरी फसकन हसलं आणि मग सगळेच हसले. काकासुद्धा, डोळे पुसत.

"पण बोटं गेली त्याबद्दल मी उपकार मानणार नाही," मी म्हणाले. हसणं थांबलं. मी पाळकसाहेबांकडे बघितलं, आता ओरडा बसेल म्हणून. त्यांनी मान हलवली, नको मानूस, अशी. "ते मला आवडलेलं नाही. देवाला माहीत आहे. पण मला सकाळ मिळाली. सकाळचे पप्पा मिळाले, त्याबद्दल उपकार."

"उपकार, बापा, उपकार!" पत्रे हादरतील एवढा आवाज झाला. मी खाली बसले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, पोटातली गिरणी बंद झाली होती. वीज गेल्यावर गिरणी थांबते आणि मग आपल्याला कळतं ना, किती वेळ तो आवाज चालू होता, तसं. मी कान देऊन ऐकलं. आत अगदी शांत होतं.

पप्पा दारात वळून उभे होते. साखळीत एकच कडी राहिली होती, आणि कुणीही मटणाचं नाव काढत नव्हतं.

ते आत आले. बाकाला टेकून उभे राहिले. मग त्यांनी नॅपकिन सोडला आणि घडी करून खिशात ठेवला. लोकांसमोर त्यांचा तो हात मी पहिल्यांदाच उघडा बघत होते.

"माझं सगळंच घेतलं या दोघींनी," ते म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला. "रूथनं मला घेतलं, पोरीनं वेणी घेतली. आता एकच राहिलंय." त्यांनी पुढच्या बाकाकडे बघितलं. "याकोबची दहा बोटं."

"झालं..." एक चिमुरडं ओरडायला लागलं. त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"ती प्रेस आठवडाभर अडकत होती," पप्पा म्हणाले. "आम्ही दोघांनीही सांगितलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही. त्या दिवशी माझी पाळी संपतच आली होती. मी उठलो की त्याच स्टुलावर हा बसणार होता. दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा मी पहिलं विचारलं, याकोब कुठाय? नर्स म्हणाली, बाहेर बसलाय, मशीन बंद केलंय. तेव्हा मी देवाचे उपकार मानले होते. खरंच मानले होते, मनापासून. मग हाताकडे लक्ष गेलं आणि ते विसरूनच गेलो. आज हा बोटं म्हणाला, तेव्हा आठवलं."

याकोबकाका लहान पोरासारखे रडायला लागले. "माझ्या वाटचं तुझ्यावर गेलं रे. दिवसरात्र तेच डोक्यात असतं. तुझ्या घरी कुठल्या तोंडानं येऊ?"

"जेवायच्या तोंडानं ये," पप्पा म्हणाले. "पूर्वी यायचास तसा."

लोक हसत होते की रडत होते, सांगता येत नव्हतं. पण नियम तो नियम. बोटं झाली होती. सगळ्यांच्या माना मार्थाबाईंकडे वळल्या. त्यांनी काठी उचलली, क्षणभर हातात धरली आणि आपल्या मांडीवर आडवी ठेवली.

"हे झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "चालेल, दाविद."

त्यानंतर जो "उपकार" झाला, तो म्हणे रस्त्यापलीकडच्या टपरीवर ऐकू गेला.

शेवटच्या भजनासाठी काकांनी ढोलकी पप्पांसमोर धरली. पप्पांनी ती घेतली नाही. ते काकांना पुढे घेऊन गेले, त्यांच्याशेजारी मांडी घालून बसले, डावा हात काकांच्या गुडघ्यावर ठेवला आणि त्यांच्या कानाशी बोलायला लागले. धा गे ना ती, ना क धिं ना. माझ्या मानेमागे रोज सकाळी ऐकू यायचं तेच, फक्त आता मोठ्यानं. त्या दिवशी पहिल्यांदाच गाणं आणि ढोलकी एकाच वेळी संपली. जवळजवळ.

मटण खाली थोडं लागलं होतं. कुणी तक्रार केली नाही. पंगतीत पाळकसाहेब म्हणाले, "दाविद, प्रार्थना तू कर," आणि पप्पांनी केली, डोळे घट्ट मिटून. मला कसं माहीत? मी एक डोळा उघडून बघितलं.

आता मी दहावीत आहे. माझी वेणी मला नीट घालता येते, पण मी घालत नाही, सकाळी कंगवा घेऊन पप्पांसमोर बसते. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेतही मी तीच वाकडी वेणी घेऊन गेले होते. याकोबकाका रविवारी जेवायला असतात. ताल त्यांना थोडा थोडा ओळख दाखवायला लागलाय.

आणि हो, पुढच्याच वर्षीची गंमत सांगायची राहिली. कापणीच्या सणाला माझी पाळी आल्यावर मी ऐटीत उठले, सगळ्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, "माझी वेणी."

खाड! "झालंय!"

"अहो बाई, ते मागच्या वर्षी झालं!"

"मग? या वर्षी देवानं तुझ्यासाठी काहीच केलं नाही होय? आता तुला बोलता येतंय. तुला वेगळा नियम. शोध."

सगळे हसले, शेजारून पप्पा सगळ्यात मोठ्यानं. मी तशीच उभी राहिले, कमरेवर हात ठेवला, आणि शोधायला लागले.